‘आमच्याकडे बाई बाईला घेऊन नाचत नाही’

पत्र

ताई, मी मूळची साताऱ्याची. नोकरीमुळे गेली दीड वर्षं बुएनोस आइरेसमध्ये राहते. टँगो पुण्यात असतानाच शिकायला लागले होते. वर्गात पुरुष कमी असायचे, म्हणून आम्ही मुलीच एकमेकींना लीड करायचो. त्यामुळे मला लीड, म्हणजे नाच पुढे नेणं, आणि फॉलो, म्हणजे त्यामागे जाणं, दोन्ही येतं. इथे दर गुरुवारी घराजवळच्या एका जुन्या क्लबातल्या मिलोंग्याला, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्याला जायचे. बहुतेक मंडळी सत्तरीच्या पुढची. मला तिथे फार आवडायचं. दोन महिन्यांपूर्वी मी मैत्रिणीला लीड करत फ्लोअरवर उतरले. दुसरं गाणं सुरू होताच आयोजक जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मुली, आमच्याकडे बाई बाईला घेऊन नाचत नाही.’ आम्ही सगळ्यांसमोर जाऊन बसलो. निघताना बूट बदलत होते, तर शेजारच्या टेबलावरच्या आजी वाकून हळूच म्हणाल्या, ‘मला कधी घेऊन नाचशील?’ मला काही बोलायला सुचलंच नाही.

बुधवारी मी तरुण मंडळींच्या मिलोंग्याला जाते. तिथे कोणीही कोणालाही लीड करतं. पण काबेसेओ, म्हणजे नजरेनेच नाचायला विचारायची रीत, वगैरे कोणी पाळत नाही. लोक सरळ टेबलाशी येऊन हात पुढे करतात, नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. तिथले शिक्षक मला म्हणाले, ‘त्या म्युझियममध्ये जातेसच कशाला?’ तेव्हापासून गुरुवारी गेले नाही. पण बुधवारी रात्री घरी येते तेव्हा गुरुवारचीच आठवण येते. मला स्वाभिमान नाही का? आणि मी तर परकी. त्यांच्या परंपरेबद्दल बोलायचा मला काय अधिकार?

— एक वाचक, बुएनोस आइरेस

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या रात्रीचं बोलू. तुम्हा दोघींना तांद्याच्या मध्यात थांबवलं हे चूक झालं, आणि ते त्यांच्याच रीतीप्रमाणे चूक झालं. तांदा म्हणजे एकाच वाद्यवृंदाची सलग तीन-चार गाणी. ती संपून कोर्तिना, म्हणजे मधल्या वेळचं दुसरंच संगीत, वाजेपर्यंत जोडी मोडायची नाही. नाचणाऱ्याला फ्लोअरवर कोणी शिकवायचं नाही. चारचौघांत कोणाची मान खाली जाईल असं काही करायचं नाही. हे सगळं जुन्या मिलोंग्यांमध्ये इतकं मुरलेलं आहे की कोणाला सांगावं लागत नाही. त्या गृहस्थांना तुमचं नाचणं खटकलं असेल, तर गाणी संपल्यावर टेबलाशी येऊन बोलता आलं असतं. एक संकेत राखण्यासाठी त्यांनी तीन मोडले. तुला अपमान वाटला याबद्दल स्वतःशी वाद घालू नकोस.

मी त्या शहरात तीन वर्षं राहिले, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला तो हॉल दिसायला लागला. मेलामाइनची टेबलं, थंड सोड्याच्या बाटल्या, भिंतीवर क्लबाच्या फुटबॉल संघाचे फोटो, आणि वाद्यवृंदप्रमुख डि सार्लीचं पियानो सुरू झालं की एकाच वेळी मागे सरकणाऱ्या खुर्च्या. गुरुवारी काय मिळतं ते मला ठाऊक आहे. म्हणून ‘सोडून दे, तुला बुधवार आहेच की’ असं मी म्हणणार नाही.

पण तुझे शिक्षक ज्याला म्युझियम म्हणाले ते मुळात काय आहे, ते नीट पाहायला हवं. गुरुवारी वाजणारं बहुतेक संगीत साधारण १९३५ ते १९५५ या वीस वर्षांतलं, टँगोच्या सुवर्णकाळातलं असतं: दारिएन्सो, डि सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे या वाद्यवृंदप्रमुखांचं. टँगोचं वय मात्र त्याहून कितीतरी मोठं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, बुएनोस आइरेस आणि मोंतेव्हिदेओ या दोन बंदरांत तो आकाराला आला. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचं कांदोम्बे हे ढोलांवरचं नृत्य, क्युबाकडून आलेली हाबानेरा ही नाचाची चाल, इटली-स्पेनमधून बोटी भरभरून आलेले मजूर, असं सगळं त्यात मिसळलं. सुरुवातीला बासरी, व्हायोलिन आणि गिटारवर तो वाजायचा, चालही चटपटीत होती. मग बांदोनेऑन हे भात्याचं वाद्य आलं, चाल संथ झाली आणि बासरी हळूहळू बाहेर गेली. ज्या वाद्यावाचून आज टँगोची कल्पनाच करता येत नाही, ते आलं जर्मनीतून. क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपली पेटीसुद्धा त्याच घराण्यातली, हवेच्या दाबाने पट्टी थरथरते आणि सूर निघतो. तीही युरोपातून आली, संगीत नाटकांत रुळली, भजनात बसली. तरी १९४० पासून जवळपास तीन दशकं आकाशवाणीने तिला परकी आणि बेसूर ठरवून दाराबाहेर ठेवलं होतं. आज साताऱ्याच्या कुठल्याही देवळात पेटी ही परंपराच आहे.

बांदोनेऑननंतरही बदल थांबले नाहीत. १९१७ मध्ये गायक कार्लोस गार्देलने ‘मि नोचे त्रिस्ते’ गायलं आणि टँगोला गाण्याचं, कहाणी सांगण्याचं वळण लागलं. १९३५ च्या सुमारास दारिएन्सोने ठेका असा कडक केला की टेबलांशी बसून ऐकणारे पुन्हा उठून नाचायला लागले. १९४३ मध्ये लष्करी राजवट आली, तेव्हा रेडिओवर लुन्फार्दोला, म्हणजे बंदरातल्या बोलीला बंदी झाली आणि कित्येक गाण्यांचे शब्द बदलावे लागले. त्रोइलोच्या वाद्यवृंदात बांदोनेऑन वाजवणारा आस्तोर पियासोला पुढे पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेंकडे शिकून आला आणि १९५५ पासून त्याने असं काही वाजवायला घेतलं की ‘हा टँगोच नव्हे’ म्हणून शहर त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडलं. आज टँगो म्हटलं की जगातल्या निम्म्या लोकांच्या कानात पियासोलाच वाजतो. गंमत अशी की मिलोंग्यात नाचायला अजूनही तो सहसा लावत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. त्याचं संगीत ऐकायचं आहे, त्यात गर्दीतून एकामागे एक पावलं टाकत फिरणं अवघड जातं. त्याला न लावण्यामागे नाचण्याच्या सोयीचा हिशेब आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच कुठेतरी सापडतं. प्रत्येक रीत हातात घेऊन तिला विचारायचं, तू फ्लोअरवर काय काम करतेस?

काबेसेओला विचार. दूरवरून नजर भेटते, मान किंचित हलते, समोरच्याने होकार दिला तर उठायचं. नको असेल तर नजर दुसरीकडे. मला हे जमायला सहा महिने लागले. परक्या पुरुषाच्या डोळ्यांत सरळ बघायचं नाही ही आपल्याकडच्या मुलींची घडणच, त्यामुळे मी संध्याकाळभर टेबलक्लॉथकडे बघत बसायचे आणि वाटायचं की मला कोणी विचारतच नाही. एका अनोळखी बाईने मला कोपराने ढोसून सांगितलं, ‘वर बघ.’ वर बघितलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की नकार देण्यासाठी मला तोंड उघडावं लागत नाही, आणि समोरच्यालाही सगळ्या हॉलसमोर रिकाम्या हाताने परत जावं लागत नाही. बुधवारी टेबलाशी येऊन हात पुढे करणाऱ्यांमुळे तू ज्या कोंडीत सापडतेस, तीच सोडवायला ही रीत आहे. तिला नुसतं पुरुषी म्हणणं मला पटत नाही. बघणं दोघांचंही असतं आणि मान बाईलाही आधी हलवता येते.

रोंदा घे. घड्याळाच्या उलट दिशेने सगळ्यांनी फिरायचं, पुढच्याला ओलांडायचं नाही, मागे पाऊल टाकायचं नाही. शंभर माणसं एका छोट्या हॉलमध्ये अंगाला अंग न लागता नाचू शकतात ती यामुळेच. तांद्यानंतर ‘ग्रासियास’ म्हणून वेगळं होणं हेही तसंच. आवडलं नाही तर बारा मिनिटांत सुटका आहे.

आता ‘बाईने बाईला घेऊन नाचायचं नाही’ या नियमाला विचार. याने कोणाचा धक्का वाचतो? कोणाची लाज राखली जाते? मला तरी काही सापडलं नाही. उलट हा नियम एक काम बिघडवतो. त्या हॉलमध्ये बायका नेहमी जास्त असतात आणि त्यातल्या वयस्क बायकांकडे रात्र रात्र कोणी बघत नाही. नुसतं बसून राहण्याला तिथे प्लांचार म्हणतात, म्हणजे इस्त्री करणे. चाळीस-पन्नास वर्षं नाचलेली बाई, पायात अजून सगळं शाबूत, आणि गुरुवारमागून गुरुवार इस्त्री करत बसते. काबेसेओ नकाराची लाज वाचवतो खरा, पण ज्यांच्याकडे नजरच वळत नाही त्यांच्यासाठी त्याच्याकडे काही नाही. तुझ्या त्या आजींनी तुझ्या कानात काय म्हटलं ते परत वाच.

शिवाय जुना इतिहास तुझ्या बाजूने आहे. सुवर्णकाळातले कितीतरी पुरुष एकमेकांच्या मिठीत शिकले. क्लबाच्या सरावात कोवळा पोरगा आधी कित्येक महिने फॉलो करायचा, मोठी माणसं त्याला लीड करायची, पाय तयार झाले की मगच त्याला मिलोंग्यात बाईसमोर उभं राहायची परवानगी मिळायची. दोन्ही बाजू येणं हा टँगोत मुरलेल्या माणसाचा गुण होता. तू पुण्यात जे केलंस ते त्याच वाटेने जाणारं होतं, फक्त तिथे पुरुषांऐवजी मुली होत्या.

असं असूनही ते आयोजक माझ्या नजरेत खलनायक होत नाहीत. जरा वयाचा हिशेब कर. आज पंचाहत्तरीला आलेला माणूस १९५५ मध्ये लहान पोर होता. म्हणजे ज्या सुवर्णकाळाची तो राखण करतो, तो त्याने नाचून पाहिलेलाच नाही, आईबापांकडून ऐकलेला आहे. त्याच्या वाट्याला आला तो दुष्काळ. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोनचं सरकार लष्कराने उलथलं, आणि त्यानंतर मोठे वाद्यवृंद मोडत गेले, रॉक आलं, तरुणांना टँगो म्हणजे बापाची गोष्ट वाटू लागली. १९७६ ते १९८३ ची हुकूमशाही तर रात्री चार माणसं एकत्र जमली तरी धास्ती वाटावी अशी. पुग्लिएसे कम्युनिस्ट होता, त्याला त्याआधीच्या काळात वारंवार तुरुंगात टाकलं जायचं, आणि मग त्याच्या वाद्यवृंदातले लोक त्याच्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून त्याच्याविना वाजवायचे. अशा सगळ्यातून टँगो जगवला तो वस्तीवस्तीतल्या थोड्या हट्टी लोकांनी, रिकाम्या होत जाणाऱ्या हॉलमध्ये. १९८३ मध्ये लोकशाही परतली, त्याच वर्षी ‘तांगो आर्खेन्तिनो’ हा नृत्यप्रयोग पॅरिसला गेला, १९८५ मध्ये ब्रॉडवेला, आणि मग जगभरातून माणसं शिकायला धावली. तुझी-माझी रांग त्यांच्यामागेच. ज्याने एकदा सगळं निसटताना पाहिलं आहे तो माणूस मूठ घट्ट धरून बसतो, आणि मुठीत काय काय धरलंय ते वेगवेगळं करून बघायला त्याला भीती वाटते. त्यांचा नियम चुकीचा आहे. त्यांची भीती खरी आहे. तू बोलायला जाशील तेव्हा या दोन्ही गोष्टी लक्षात असू देत.

बुधवारबद्दल थोडंच सांगते. नव्याने टँगोकडे बघणारे सगळे जुन्यावर नांगर फिरवायला आले असं नाही. नव्वदच्या दशकात गुस्ताव्हो नावेइरा आणि फाबियान सालास यांनी जुन्यांची पावलं बारकाईने अभ्यासली, एका वळणातून दुसरं कसं निघतं याची फोड केली, आणि आज कोणत्याही वर्गात जे सोपं करून शिकवलं जातं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. टँगोत इलेक्ट्रॉनिक संगीत मिसळणाऱ्या गोतान प्रोजेक्ट या गटाचा २००१ चा अल्बम ऐकून कितीतरी तरुण या वाटेला आले. दोन पुरुष किंवा दोन बायका नाचण्याला त्या शहरात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्वतःचे मिलोंगे आहेत, आणि शहर सरकारच्या जागतिक स्पर्धेत आज अशा जोड्या उतरतात. त्या देशाने समलिंगी विवाह २०१० मध्येच मान्य केला. तेव्हा तुझा बुधवारही अस्सल बुएनोस आइरेसच आहे. फक्त तिथे कोणी तुझा हात न विचारता धरत असेल तर तो मोकळेपणा मानू नकोस. जागेवरून न उठता, हसून, ‘मी नजरेने ठरवते’ म्हण. चेहरे पडतील. पडू देत. त्याच शहरातल्या स्त्रीवादी नर्तकी गेली काही वर्षं मिलोंग्यांमधल्या त्रासाविरुद्ध लिखित नियम मागत आहेत, त्यांचंही म्हणणं हेच की होकार स्पष्ट मिळाला पाहिजे. म्हणजे काबेसेओ मोडीत काढणाऱ्या तुझ्या शिक्षकांपेक्षा त्या आणि तुझ्या गुरुवारच्या आजी एकमेकींच्या जास्त जवळ आहेत. हे त्या शिक्षकांना सांगून बघ, मला त्यांचं उत्तर ऐकायला आवडेल.

अधिकाराचं म्हणतेस, तर टँगोत परकं कोण हे ठरवणं फार कठीण. गार्देल फ्रान्समधल्या तुलूजचा की उरुग्वेतल्या ताकुआरेम्बोचा यावर अजून भांडणं चालतात, पण तो बुएनोस आइरेसमध्ये जन्मला नव्हता हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. रात्रीचा शेवटचा टँगो म्हणून वाजणारी ‘ला कुम्पार्सिता’ मोंतेव्हिदेओच्या एका विद्यार्थ्याने लिहिली. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला वारशाचा मान दिला तोही अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांना मिळून. तरी मी तुला असं नाही म्हणणार की जा आणि त्यांना त्यांचाच इतिहास शिकव. पेटीचं, बांदोनेऑनचं, मुलांच्या सरावाचं हे सगळं मी तुझ्या मनाच्या बळासाठी लिहिलं. ते आयोजकांच्या तोंडावर फेकू नकोस. तुझा अधिकार वेगळ्या गोष्टीतून येतो. इतके महिने तू दर गुरुवारी तिकीट काढून गेलीस, रोंदा पाळलीस, कोणाच्या पायावर पाय दिला नाहीस. तू त्या हॉलची आहेस. सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायची तुला गरज नाही.

आता काय करायचं ते सांगते. येत्या गुरुवारी मिलोंगा सुरू व्हायच्या तासभर आधी जा, टेबलं मांडत असतील तेव्हा. हवं तर दोन खुर्च्या उचलायला हात लाव. मग त्यांना एकटं गाठून दोन गोष्टी सांग. एक, तुम्ही मला तांद्याच्या मध्यात थांबवलंत, माझा अपमान झाला, म्हणून मी दोन महिने आले नाही. दोन, मला इथे यायचं आहे. या दोन वाक्यांत दुसरं काही भरू नकोस, स्त्रीवाद नको, कायदा नको. तो माणूस तुझ्यासारखं वाचतो असं गृहीत धरू नकोस, पण खुर्ची रिकामी राहिली हे त्याने नक्की पाहिलं असणार. मग एक मागणं माग. बऱ्याच क्लबांत मिलोंग्याआधी प्राक्तिका, म्हणजे सरावाचा तास असतो. तिथे बायकांनी लीड केलं तर चालेल का? नसेल तर शेवटच्या तासात, गर्दी ओसरल्यावर, एक तांदा?

बहुधा तो ‘बघू’ म्हणेल. मी पाहिलेल्या जुन्या आयोजकांचं ‘बघू’ म्हणजे बऱ्याचदा होकारच असायचा, फक्त तो स्वतःच्या तोंडून दिल्यासारखा दिसायला नको असायचा.

तो सपशेल नाही म्हणाला, तर मात्र तुला ठरवावं लागेल, आणि दोन्ही निर्णय मला मान्य आहेत. फॉलो करायला, त्या मिठीसाठी तू गुरुवारी जात राहिलीस तर त्यात स्वाभिमान जात नाही. सगळ्याच जागा आपल्याला सगळं देत नसतात. पण शुक्रवारी सकाळी उठल्यावर काय वाटतं ते बघत जा. पाय दुखतायत आणि डोक्यात डि सार्ली वाजतंय, तर जात राहा. घशाशी काहीतरी अडकलंय असं तीन शुक्रवार वाटलं, तर थांब. लीड करणं मात्र कोणासाठीही सोडू नकोस. इतक्या कष्टाने कमावलेली ती गोष्ट आहे.

आणि परवानगी मिळो न मिळो, त्या आजींचं उत्तर बाकी आहे. त्यांना तू दोन महिने ताटकळत ठेवलंस हे मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं. गुरुवारी त्यांच्या टेबलाशी जा, नाव विचार, क्षमा माग, आणि कुठल्या तरी सरावाच्या वर्गाला बरोबर न्यायचं ठरव. पहिल्यांदा घेशील तेव्हा दारिएन्सो नको, त्याचा ठेका फार ढकलतो. डि सार्ली लाव. पावलं आखूड ठेव. या वयाच्या बायका टाचेवर वजन ठेवून पाय मोकळा व्हायची वाट बघतात, त्यांना तेवढा वेळ दे. उजव्या हाताने पाठीला नुसता आधार असू दे, ओढू नकोस. पहिल्या दोन ओळी जागच्या जागी वजन इकडून तिकडे करत उभी राहा. कधी निघायचं ते त्या श्वासातून सांगतील.

तुझी,
ताई